डाव्या पेटीचा सूर

५ नोव्हेंबर

एका तारेतून दोन सूर निघत नाहीत. पाटबंधारे खात्यात हयात घालवलेल्या माणसालाही एवढं कळतं. पण आज दुपारी गिटार मांडीवर घेतली, तार छेडली, आणि निघाले. उजव्या स्पीकरच्या पेटीतून बरोबर काळी दोनचा सा, आणि डाव्या पेटीतून त्याच्यापेक्षा जरा चढा, पत्र्याच्या डब्यात बसून कोणी नक्कल करावी तसा. पुन्हा छेडली, तार बदलून पाहिली, आवाज कमी-जास्त करून पाहिला. तेच.

आठ डिसेंबरला हिमानीचं लग्न आहे.

लिहून काढतो, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील. माझी गिटार छातीशी धरून वाजवायची नाही. ती मांडीवर आडवी ठेवून तारांवर स्टीलची कांडी सरकवायची. तिला पडदे असून नसल्यासारखे. कांडी केसभर इकडेतिकडे झाली की सूर गेला, जागा कानानेच शोधायची. चिखलीत आमच्या ओळखीच्या घरांत माझ्या गिटारीशिवाय मंगलाष्टकं होत नाहीत, अशी पद्धतच पडून गेली आहे. मी आधी चाल वाजवतो, मग बाया त्या सुरात म्हणतात. नाहीतर प्रत्येकीची आपली पट्टी आणि भटजींची तिसरीच. लोकांच्या पोरींच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत मी वाजवत आलो, आणि आता स्वतःच्या पोरीची वेळ आली तर पेटी रुसून बसली.

दिवाळीच्या फटाक्यांनी कानाला दडा बसलाय तो वेगळाच. एक चांगली जांभई आली की सुटेल.

७ नोव्हेंबर

दडा सुटला नाही. पेटीही सुधारली नाही. सकाळी दोन्ही पेट्यांच्या मागच्या फळ्या काढल्या आणि मीटर लावलं.

गिटारीचा आवाज मोठा करणारा माझा ॲम्प जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा. त्याच्या पाठीला तीन जागा आहेत: चार ओहम, आठ ओहम, सोळा ओहम. पेट्या दोन, प्रत्येकीत एक बारा इंची स्पीकर, आठ ओहमचा. दोन्ही शेजारी-शेजारी जोडल्या, म्हणजे पॅरलल, की मिळून चार होतात. एकीतून निघून दुसरीत अशा ओळीने जोडल्या, म्हणजे सिरीज, की सोळा. ज्या जागेवर जेवढं लिहिलंय तेवढंच ओझं द्यायचं, नाहीतर व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर दोघं मरतात.

ओहम म्हणजे स्पीकर करंटची किती अडवणूक करतो ते. आमच्या आवक-जावक टेबलासारखं. साहेबाचा पाव्हणा आला की फाइल सरकते, खेड्यावरचा म्हातारा आला की अडते. स्पीकरही सगळ्या सुरांना सारखं अडवत नाही. मधल्या सुरांना सोडतो, बारीक सुरांना जास्त अडवतो, खर्जात एका जागी तर फारच. म्हणून वायर कशी जोडली, कुठे जोडली यावर आवाजाचा पोत ठरतो. हे मला पक्कं ठाऊक आहे आणि त्याचाच आधार वाटतो. जे बिघडलंय ते वायरीत असेल तर दुरुस्त होईल.

मीटरवर उजवा सहा पॉइंट चार, डावा पाच पॉइंट नऊ. आठ लिहिलेल्या स्पीकरवर मीटर सहाच्या आसपासच दाखवतं, त्यात नवल नाही. पण दोघांत फरक काऊन? आठवलं. डाव्याची कॉइल दसऱ्याला माझ्या माईकवाल्या दोस्ताने, हरिओमने, नवी भरली होती. कॉइल जरा कमी भरली असणार, त्यामुळे वरचे स्वर वेगळे उमटतात आणि सूरच चढा आहे असा भास होतो. सापडला चोर. बरं वाटलं.

जेवताना सुहासिनी काहीतरी पुटपुटली. बायको हल्ली पुटपुटायलाच लागली आहे. मी ‘काय, काय’ केलं तर ताट आपटलं. म्हणाली, “मी या बाजूला बसली की तुम्ही ऐकूनच नाही राहिले. उद्यापासून मी पलीकडे बसते.”

९ नोव्हेंबर

हरिओमकडे गेलो. त्याचं माईक-लाउडस्पीकरचं दुकान बसस्टँडच्या मागे. आम्ही दोघं पोरसवदा असताना त्याने माझी पहिली पेटी जोडून दिली होती, तेव्हापासूनची दोस्ती आहे. सध्या निवडणुकीमुळे त्याला मान वर करायला फुरसत नाही. दारात प्रचाराच्या रिक्षा उभ्या, प्रत्येकीला चारी दिशांनी भोंगे.

तरी तो आला. घरी बसून त्याने ऐकलं. मी तार छेडतोय आणि तो डोळे मिटून बसलाय.

“नीळूभाऊ, मले त एकच सूर ऐकू येऊन राह्यला.”

“नीट ऐक. डावी पेटी चढी आहे.”

“नाही बाप्पा. दोन्ही सारख्याच बोलून राह्यल्या. आवाज भी गोड आहे.”

“तुझे कान भोंग्यांनी गेले बे हरिओम,” मी म्हटलं. तो हसला आणि चहा पिऊन गेला. बिचाऱ्याचं खरंच असेल तसं. इतकी वर्षं भोंग्यांपाशी उभं राहायचं म्हणजे काय कानाचं भलं होतं? वाईट वाटलं त्याचं.

१० नोव्हेंबर

डोकं लढवलं. स्पीकर खराब असेल तर पेटी जिथे जाईल तिथे खराबी जायला पाहिजे. म्हणून पेट्यांची अदलाबदल केली. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे.

आता हरिओमने भरलेली पेटी गोड बोलते आणि जी चांगली होती ती चढी. म्हणजे दोष पेटीत नाही, डाव्या बाजूच्या वायरीत आहे. वायर बारीक आहे, घंटीला वापरतात तसली. बारीक वायर स्वतःच ओहम खाते. मग ॲम्पचा स्पीकरवरचा लगाम ढिला पडतो, कोन आपल्या मर्जीने हलत राहतो आणि आवाज लडबडतो.

उद्या जाड वायर आणतो.

१२ नोव्हेंबर

जाड तांब्याची वायर टाकली. फरक पडला. खर्ज एकदम आवळून आला, तार सोडली की आवाज तिथेच थांबतो, मागे शेपूट राहत नाही. सुहासिनीला स्वयंपाकघरातून ओढून आणलं आणि म्हटलं, ऐक. ती म्हणाली छान आहे. मी एक अख्खी चाल वाजवली, आनंदात.

संध्याकाळी पुन्हा बसलो. डावीकडून चढा. दुपारी मी त्याच्याकडे कानाडोळा केला होता, एवढंच.

१४ नोव्हेंबर

आज पॅरलल काढून सिरीज केलं आणि वायर सोळाच्या जागेवर लावली. आवाज मऊ झाला, जरा सैल, पावसाळ्यात पापड सादळतो तसा. पण दोन सूर दोनच. वरून खर्ज गायब.

खर्ज गेला म्हटल्यावर डोक्यात उजेड पडला: एक स्पीकर उलटा जोडला गेलाय. घड्याळातला सेल काढला आणि एकेका स्पीकरला क्षणभर लावला. सरळ असेल तर कोन पुढे उडी मारतो, उलटा असेल तर मागे बसतो. एक पुढे आला, एक मागे गेला. एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, खर्ज मधल्यामध्ये मरतो. हेच दुखणं होतं तर. वायर पलटवली.

खर्ज आला परत, भरघोस आला. सूर मात्र दोनच. मग लक्षात आलं की उलटा मीच जोडला होता, आज सकाळी, सिरीज करताना. म्हणजे मी माझीच चूक शोधून काढली.

१५ नोव्हेंबर

आणखी एक गोष्ट. ॲम्प बंद केल्यावरही घुमत राहतो. बारीक, सततचा, दूर कुठे पिठाची गिरणी चालावी तसा. आत कपॅसिटर असतात, त्यांच्यातली वीज उतरायला वेळ लागतो. पण तासाभराने बाजारातून येऊन पाहतो तरी घुमतोच. प्लग काढून ठेवला तरी.

सुहासिनीने लसूण टाकून तेल गरम केलं आणि डाव्या कानात सोडलं. दडा सुटेल म्हणते. म्हणाली, “बुलडाण्याला कानाच्या डॉक्टरला दाखवून या ना एकदा.” लग्न तोंडावर आलंय, पत्रिका वाटायच्या आहेत, पेटी दुरुस्त व्हायची आहे, आणि मी दड्यासाठी बुलडाणा गाठू? फटाक्याचा दडा आहे तो. म्हटलं लग्न होऊ दे.

१७ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहवत नाही, पण लिहितो.

मंगलाष्टकांची तालीम होती आमच्याकडे. सत्यभामाबाई आल्या होत्या. शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या, वय झालं तरी गळा खणखणीत. त्या आहेत म्हणून बाकीच्या बाया उभ्या राहतात. मी चाल धरली. दोन सुरांमधला कोणता खरा हे मला कळेना, म्हणून मधला धरला. बाया सुरू झाल्या आणि दुसऱ्या ओळीला सगळं फाटलं. पुन्हा धरली, पुन्हा फाटलं.

सत्यभामाबाईंनी पदराने कपाळ पुसलं. “नीळकंठराव, आज कोणती पट्टी धरली बाप्पा तुम्ही? आम्ही वर जातो त तुम्ही त्याच्या वर जाऊन बसून राह्यले.”

“पेटी खराब आहे,” मी म्हटलं.

“पेटी कशी बेसूर होईल? पेटी काय गाते का?”

बाया हसल्या. सांगणार तरी काय, ओहम? मग माझी भाचसून अपेक्षा, चांगल्या मनाची आहे, तिने खाली वाकून हळूच म्हटलं. पहिल्यांदा मला कळलंच नाही, मग समोर येऊन म्हणाली, “मामा, मोबाइलवर मंगलाष्टकांचं रेकॉर्डिंग मिळते. मी स्पीकरवर लावते. तुम्ही वधूपिता आहे, आरामात बसा.”

सगळ्या ‘हो हो, खरंच’ म्हणाल्या. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं, तेच जास्त लागलं. हिमानी पाळण्यात होती तेव्हा याच गिटारीवर झोपायची. तिच्या लग्नात मी आरामात बसू आणि डबीतून कोणीतरी अनोळखी माणूस गाईल. ते मला सहन होणार नाही. काहीही करून ही पेटी दुरुस्त करायचीच.

१८ नोव्हेंबर

हरिओमशी भांडलो. त्याच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर.

मी सांगत होतो की तू कॉइल कमी भरली, तिथून ट्रान्सफॉर्मरवर ओझं आलं, आणि आता ॲम्पची डावी बाजूच बिघडली. तो म्हणाला, ॲम्पला डावी बाजू नसते, एकच आवाज दोन्ही पेट्यांत जाते. मला राग आला. राग काय, भीतीच होती ती. मी म्हटलं, तू हलकी तार वापरली, पैसे मात्र चांगल्या तारेचे लावले, तू चोट्टा आहे.

हरिओमने सोल्डरची कांडी ठेवून दिली. “जा भाऊ घरी,” एवढंच म्हणाला. भाऊ म्हणाला, नीळूभाऊ नाही.

घरी आलो ते चालतच. एक मोटरसायकल अंगाला चाटून गेली, डावीकडून आली ती कळलीच नाही. पोट्ट्याने शिवी दिली ती उजवीकडे गेल्यावर ऐकू आली.

२० नोव्हेंबर

मतदान करून आलो. बोटाला शाई, आणि तेच बोट तारेवर.

आज वेड्यासारखं केलं. सिरीजच्या सोळा ओहमच्या पेट्या चारच्या जागेवर लावल्या. करायचं नसतं, मला माहीत होतं. आवाज कमी झाला, पण कडक आणि चिरका, बारीक सूर पुढे येऊन टोचायला लागले. वाटलं, या टोचण्यात दोन्ही सूर वेगळे कळतील आणि खरा कोणता ते धरता येईल. आवाज वाढवत गेलो. मग जळल्याचा वास आला, ट्रान्सफॉर्मरच्या वार्निशचा. धावत जाऊन बंद केला. थोडक्यात वाचला.

मग तिथेच फरशीवर बसून रडलो. आई गेली तेव्हा रडलो होतो, त्यानंतर आज. सुहासिनी आली आणि शेजारी बसली. तिने काय म्हटलं ते कळलं नाही, पण हात पाठीवर होता. मी तिला म्हटलं, मला दुसरं काही येत नाही गं. ऑफिसात माझ्यासारखे कितीतरी होते, निवृत्त झालो त्या दिवशी माझी खुर्ची भरली गेली. हे एकच होतं जे गावात दुसऱ्या कोणाला येत नव्हतं.

२३ नोव्हेंबर

हिमानी पुण्याहून चार दिवसांसाठी आली, खरेदीला. निकालाची मिरवणूक रस्त्यावरून गेली, डीजे लावून, खिडक्या थरथरल्या. मला डाव्या कानात कोणी सुया टोचाव्यात तसं झालं.

ती म्हणाली, “बाबा, वाजवा ना माझी मंगलाष्टकं. ऐकू द्या.” मी ‘पेटी खराब आहे’ म्हणालो. ऐकेना. वाजवलं. ती गालावर हात ठेवून ऐकत राहिली, मधे एकदा कपाळावर आठी आली, मग म्हणाली छान आहे. ती आठी मी पाहिली. पोरगी बापाला खोटं सांगायला शिकली.

“लग्नात तुम्हीच वाजवणार बरं का. मी शौनकच्या घरच्यांना सांगून ठेवलंय, माझे बाबा वाजवतात म्हणून.” शौनक म्हणजे जावई. पुण्याची माणसं. कान तिखट असतील त्यांचे.

२५ नोव्हेंबर

सकाळी पत्रिका ठेवायला देवळात गेलो होतो. पुजाऱ्याने घंटा वाजवली. मोठी, पितळी, रोजची. आणि ती दोन सुरांत वाजली.

मी पुजाऱ्याला म्हटलं, पुन्हा वाजवा. त्याने वाजवली. उजवीकडून एक, डावीकडून एक, चढा, पत्र्याचा.

घंटेला स्पीकर नाही. वायर नाही, ओहम नाही, हरिओमने तिच्यात काही भरलेलं नाही. मी डाव्या कानात बोट घातलं आणि म्हटलं, अजून एकदा. एकच सूर आला, भरलेला, लहानपणापासून ऐकत आलो तोच. बोट काढलं आणि उजव्या कानात घातलं. दूर कुठेतरी कोणीतरी पत्रा वाजवतंय.

पुजारी विचारत होता काय झालं. मी पत्रिका देवापुढे ठेवली आणि पायरीवर बसलो. चप्पल घालायचं सुचेना. घुमणारं तिथेही चालूच होतं, आणि घरी ॲम्पचा प्लग काढलेला होता.

२६ नोव्हेंबर

एसटीने बुलडाण्याला गेलो, सुहासिनी सोबत, हिमानीला पत्रिका वाटायचं कारण सांगून. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं. उजव्याला दाबत गेलो. डाव्याला बटण हातात धरून बसून राहिलो, आवाज येईचना. काचेपलीकडची मुलगी माझ्याकडे पाहत होती, म्हणजे आवाज चालू होता.

डॉक्टर तरुण, बोलायला चांगले. म्हणाले, डाव्या कानाची नस अचानक खचली आहे. होतं असं कधीकधी, बऱ्याचदा कारण सापडत नाही, फटाक्यांना दोष देता येणार नाही. दुखरा कान सूर चुकीचा सांगतो, चांगला कान बरोबर सांगतो, तुम्हाला दोन्ही ऐकू येतात. ते घुमणं कानाचंच.

“कधीपासून आहे हे?”

“दिवाळीपासून.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “काका, यात सुरुवातीचे दिवस फार महत्त्वाचे असतात. लगेच औषध सुरू झालं तर बऱ्याच जणांचं ऐकणं परत येतं. आता गोळ्या देतो, गरज पडली तर कानात इंजेक्शनही देऊ. पण फार आशा दाखवत नाही मी तुम्हाला. इतके दिवस काय केलं?”

सुहासिनी म्हणाली, “वायरी बदलल्या.”

डॉक्टरांना ते कळलं नाही. परतीच्या गाडीत ती माझ्या उजव्या बाजूला बसली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

२८ नोव्हेंबर

हिमानीला काही सांगायचं नाही, लग्न होईपर्यंत एक अक्षर नाही, असं सुहासिनीकडून कबूल करून घेतलं. ती म्हणाली, सांगायला पाहिजे. मी म्हटलं, मग ती बोहल्यावर माझ्याकडेच बघत राहील. पुण्याला परत जाताना पोरगी हसत गेली, तेवढं पुरे.

दुपारी हरिओमकडे गेलो. गिऱ्हाइकं होती, असू दे म्हटलं, शिवीही गिऱ्हाइकांसमोरच दिली होती. कानाचं सांगितलं. चुकलो म्हणालो. तो एका भोंग्याचा स्क्रू आवळत होता, तो आवळून झाल्यावर बोलला.

“कानाचं लय वाईट झालं. पण नीळूभाऊ, तुम्ही मले चोट्टा म्हटलं ते मले एकदाच ऐकू आलं, अन् साफ ऐकू आलं.”

मी उभाच होतो. थोड्या वेळाने त्याने स्टूल सरकवलं. बसलो. चहा सांगितला नाही त्याने, पण उठही म्हणाला नाही. निघताना म्हणाला, “पेट्या पहिल्यासारख्या करून ठेवा. चारवर. तुम्ही जे जे केलं ते सगळं काढा.”

१ डिसेंबर

गोळ्यांनी झोप उडाली आहे, तोंड कडू आणि छातीत धडधड. कानात काही फरक नाही.

डाव्या कानात व्हॅसलिन लावलेला कापूस घट्ट भरला आणि वाजवून पाहिलं. एकच सूर. पण जग अर्धं झाल्यासारखं वाटतं, खोली एका बाजूला कललेली. सवयीने मी अजून डाव्या पेटीकडे मान वळवतो आणि तिथे काही नसतं. कांडीचा हात आखडतो. तासभर बसलो तर पाच मिनिटं सुरात जातात. दिवस उरलेत थोडे.

५ डिसेंबर

आज सत्यभामाबाईंना एकट्यांना बोलावलं आणि खरं सांगितलं. त्यांनी खुर्ची माझ्या समोर ओढली. मग म्हणाल्या, “माझ्याकडे पाहून वाजवा. तुम्ही घसरले की मी भुवई वर करीन.” तालीम केली. दोनदा भुवई वर गेली, एकदा दोन्ही. शेवटचं कडवं मात्र स्वच्छ गेलं. त्यांनी डोळे पुसले, मी पाहिलं नाही असं दाखवलं.

अपेक्षाला सांगितलं की रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये तयार ठेव. लागलं तर लाव.

९ डिसेंबर

काल लग्न झालं. सगळं घर झोपलंय, दुपार आहे. लिहितो.

हरिओम सकाळीच मंडपात आला होता, मी बोलावलं नव्हतं. दोन्ही पेट्या त्याने माझ्या उजव्या हाताला मांडल्या, पॅरलल, चारच्या जागेवर. मी कापूस भरला, व्हॅसलिन लावून, जितका जाईल तितका. वधूपित्याने मामाशेजारी उभं राहायचं सोडून कोपऱ्यात गिटार घेऊन बसायचं, म्हणून भटजी कुरकुरले. अंतरपाट धरला. पलीकडे शौनक, अलीकडे माझी पोरगी, हातात हार.

वाजवलं. सत्यभामाबाईंची भुवई एकदाच वर गेली, पहिल्या कडव्यात, मी कांडी सरकवली आणि त्या सुरात शिरल्या. मग मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. हिमानीकडे पाहून वाजवत राहिलो. बाया भरून गायल्या. शेवटच्या अक्षता पडल्या तेव्हा पुण्याकडचे एक गृहस्थ जवळ आले आणि हात जोडून काहीतरी बोलले, चांगलंच बोलले असणार. अपेक्षाने मोबाइल पर्समध्ये ठेवला. मला वाटलं, जिंकलो. खरंच वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

संध्याकाळी पाठवणी. गाडी दारात लागली. हिमानी आईच्या गळ्यात पडून रडली, मग माझ्याकडे आली. तिने माझ्या डाव्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि कानाशी बोलायला लागली. थांबून थांबून, बराच वेळ. तिचा श्वास मानेला लागत होता, गरम, आणि तिच्या हनुवटीची हालचाल खांद्याला कळत होती. शब्द एकही आला नाही. कापूस मी काढलाच नव्हता.

तिला थांबवून या बाजूला ये म्हणायला हवं होतं. म्हटलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं, तिथे, गाडीच्या दारात. ती बोलायची थांबली आणि माझ्या तोंडाकडे पाहायला लागली. उत्तराची वाट पाहत होती. मी ‘हो’ म्हणालो. तिने पुन्हा पाहिलं, नीट पाहिलं, मग मान खाली घातली आणि गाडीत बसली. हो म्हणायला नको होतं की काय, कोण जाणे.

आज सकाळी कापूस काढला. काही फरक नाही. कापूस नसताच तर तिचं एखादं तरी अक्षर कळलं असतं का, ते डॉक्टरांना विचारायचं नाही मला.

सुहासिनीने चहा देताना विचारलं, काय सांगत होती हो पोरगी तुम्हाला? मी म्हटलं, तब्येत सांभाळा म्हणाली. “इतका वेळ तेच?” सुहासिनी म्हणाली.

मी हो म्हणालो.